दुकान आहे तिथंच आहे

सांगली-मिरजेतल्या एखाद्या जुन्या दुकानदाराला ‘तुमचं दुकान नेटवर नीट सापडत नाही’ असं सांगून बघा. उत्तर ठरलेलं असतं. ‘वडिलांपासून इथंच बसतोय. स्टँडवर कुणालाही विचारा, शेंबडं पोरगंसुद्धा आणून सोडेल.’ यात खोटं काही नसतं. गावात विचारणारा असला की सांगणाराही भेटतो. माझं काम असतं ते ज्याला विचारायची सोय नाही त्याच्यासाठी. तो रात्रीच्या गाडीनं मिरज जंक्शनला उतरलेला असतो, काखेत एक्स-रेचं पाकीट, सोबत आजारी आई, मराठी कळतं पण बोलायला जमत नाही. तो कुणाला विचारत बसत नाही, फोन काढतो. मला पैसे मात्र दुकानदार देतो, आणि त्यानं या माणसाला कधी पाहिलेलंच नसतं. आलेल्या गिऱ्हाइकाचा हिशेब गल्ल्यात कळतो. दोन गल्ल्या पलीकडं फिरून जो दुसरीकडं जेवला, त्याची नोंद कुठल्या वहीत असणार?

मी मूळची डीटीपीवाली. सांगलीत एका छापखान्यात लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं लावत होते. कार्डाचं गिऱ्हाईक शेजारी स्टुलावर बसून पत्ता सांगायचं: ‘अमक्या बँकेच्या वर, जिना मागच्या अंगानं, बोळात गाडी येत नाही.’ पुढं पत्रिका व्हॉट्सॲपवर जायला लागल्या, छपाईचं काम आटलं, आणि तीच गिऱ्हाइकं ‘ते लोकेशन तेवढं टाकून द्या की’ म्हणायला लागली. गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद, म्हणजे यादी, करायच्या सेवेला तेव्हा गुगल माय बिझनेस म्हणत. 2014 मध्ये सुरू झालेल्या या सेवेचं 2021 च्या अखेरीस गुगल बिझनेस प्रोफाइल असं नामांतर झालं. आमच्याकडं दोन्ही नावं कुणी घेत नाही. ‘गुगलला टाकलंय’ म्हणतात, आणि एकदा टाकलं की विषय संपला असं समजतात.

मिरजेच्या दवाखान्यांच्या भागात एक खानावळ आहे. चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणतात, मीही. मिरज हे दवाखान्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी इथं रुग्णालय उभं केलं, 1962 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि भोवतीनं गल्लोगल्ली खासगी दवाखाने झाले. अथणी, जमखंडी, रायबाग, विजापूर, इकडं जत आणि कोकणातूनसुद्धा माणसं येतात. एका पेशंटमागं दोन-तीन नातेवाईक असतात आणि त्यांना आठ-आठ दिवस कुठंतरी जेवावं लागतं. काकूंचा धंदा या नातेवाइकांवर. तो उतरणीला लागला तेव्हा त्यांच्या भाच्यानं मला बोलावलं.

खानावळ गुगलवर होती. काकूंनी टाकलेली नव्हती, भाच्यानंही नाही. कुणा गिऱ्हाइकानं कधीतरी नकाशात ठिकाण म्हणून जोडलेली, आणि जोडलेल्या माणसाला बहुधा आता ते आठवतही नसेल. नावाच्या जागी नुसतं ‘खानावळ’. फोन नंबर जुन्या लँडलाइनचा, जो परत करून कैक वर्षं झालेली. पत्त्यात सांगली, पिन कोड 416416, म्हणजे सांगलीचाच. मिरजेचा 416410. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची 1998 मध्ये एक महानगरपालिका झाली, त्यामुळं घरपट्टीच्या पावतीपासून परवान्यापर्यंत कागदावर ‘सांगली’ आधी येतं आणि फॉर्म भरणारा तेच उचलतो. माणसाला यानं फरक पडत नाही. नकाशाला पडतो, कारण दोन्ही गावांमध्ये दहा किलोमीटरचं अंतर आहे. नकाशावरची खूण तर रेल्वेरुळांच्या पलीकडं होती.

पोस्टाचा पिन कोड 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू झाला, आणि ती पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, संस्कृतात कविता-नाटकं लिहिणारे. सहा आकड्यांनी पत्र बरोबर पोस्टात येतं आणि तिथून पुढं पोस्टमन असतो, ज्याला काकूही माहीत असतात आणि त्यांचा कुत्राही. चुकलेला पिन कोड पोस्टमन मनातल्या मनात दुरुस्त करतो. या धंद्यात तो दुरुस्त करणारा कुणीच नसतो, म्हणून खूण दारावरच बसली पाहिजे. रस्त्याच्या मध्यावर नको, इमारतीच्या मागच्या भिंतीवरही नको. मी जागेवर उभी राहून, उपग्रहाचं चित्र मोठं करून, पत्र्याचा निळा रंग ओळखून ती सरकवते. घरी बसून हे काम करणाऱ्यांना मी मानत नाही.

मग नावाचा घोळ. बोर्डावर एका देवीच्या नावाचं भोजनालय, रंग उडालेला. ते नाव कुणाच्याच तोंडी नाही; काकूंचे दूधवालेसुद्धा ‘काकूंची खानावळ’ म्हणतात. गुगलचा नियम असा की प्रत्यक्षात, बोर्डावर जे नाव आहे तेच यादीत हवं. शिवाय यादीचा ताबा मिळवायचा तर हल्ली बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात: रस्ता, बोर्ड, आतली जागा आणि तुम्हीच मालक आहात हे दिसेल असं काहीतरी, सगळं एका दमात, मध्ये न कापता. पूर्वी टपालानं कार्ड यायचं, त्यावर एक सांकेतिक क्रमांक असायचा. ते कधी यायचं, कधी वाटेतच राहायचं. व्हिडिओ त्या मानानं बरा. पण बोर्ड एक आणि लोकांच्या तोंडी दुसरंच, तर लिहायचं काय? मी काकूंना म्हटलं, बोर्डच बदलू. पेंटरला सांगून मोठ्या अक्षरात ‘काकूंची खानावळ’ आणि वर लहान अक्षरात देवीचं नाव असं करून घेतलं. देवीचं नाव लहान झालं म्हणून काकू दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. व्हिडिओत शटर त्यांनीच उघडलं आणि मोबाइलकडं बघून पदर सारखा केला.

याच नावात काही लोकांना भलतीच भर घालायची असते. ‘मिरज सिव्हिलजवळ सर्वोत्तम स्वस्त शाकाहारी घरगुती जेवण’ असं सगळं नावातच कोंबायचं. असं केल्यावर काही दिवस वर दिसल्यासारखं होतं हे खरं. मग कुणीतरी तक्रार करतं आणि यादीच निलंबित होते, आणि ती सोडवून आणताना भाडेकरारापासून वीजबिलापर्यंत सगळे कागद काढावे लागतात. मी हे करत नाही म्हटल्यावर दोन-तीन गिऱ्हाइकं दुसऱ्याकडं गेली. जाऊ देत.

वर दिसणं म्हणजे नेमकं काय, यावर गुगलनं स्वतः तीन गोष्टी सांगितल्या आहेत: शोधणाऱ्याला हवं ते तुमच्याशी किती जुळतं, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात, आणि तुमचं नाव किती झालेलं आहे. पैसे भरून या क्रमात वर जाता येत नाही हेही ते लिहितात. जाहिरात वेगळी, ती जाहिरात म्हणूनच दिसते. यातलं अंतर आपल्या हातात नाही. नाव व्हायला वेळ लागतो. हाताशी राहतं ते जुळणं, आणि माझा बहुतेक वेळ तिथंच जातो. दुकानदाराला आपण काय विकतो ते माहीत असतं, गिऱ्हाईक काय शोधत येतं याचा विचार त्यानं केलेला नसतो.

काकूंच्या बोर्डाखाली ‘शुद्ध, सात्त्विक, घरगुती’ असं होतं. दवाखान्यातून आलेल्या माणसाला सात्त्विकाशी घेणं नसतं. तो विचारतो: आत्ता उघडं आहे का? डबा बांधून मिळेल का? पेशंटला चालेल असं मऊ काही आहे का? रात्री ऑपरेशन संपेपर्यंत दहा वाजले तर? मी काकूंना हे प्रश्न एकेक करून विचारले, आणि त्यांनी सहज सांगितलं की ओळखीच्या लोकांना त्या सकाळी सातलाच तांदळाची पेज, मऊ भात आणि थर्मासभर गरम पाणी देतात.

‘आणि हे सगळ्यांना का नाही सांगत?’

‘अगं, त्यात काय सांगायचं? पेशंटला पेज तर लागतेच की.’

त्या गल्लीत सकाळी सात वाजता पेज मिळण्याचं दुसरं ठिकाण नव्हतं. पावभाजीपासून चायनीजपर्यंत सगळं होतं. आम्ही कामाच्या वेळा बदलल्या, सकाळची वेळ वेगळी घातली. वर्णनाला साडेसातशे अक्षरांची मर्यादा असते. त्यात पेज, मऊ भात, डबा, गरम पाणी, सिव्हिलपासून चालत किती वेळ, हे मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलं. काकू कन्नड फडाफडा बोलतात, लिहिता येत नाही. शेजारच्या औषधाच्या दुकानातल्या अथणीच्या मुलानं लिहून दिलं, मी टाइप केलं, त्यानं दोनदा दुरुस्त केलं.

फोटोंवरून मात्र वाद झाला. भाच्याला थाळीचा फोटो हवा होता, कोथिंबीर भुरभुरून, वर लिंबाची फोड. तोही घेतला. पण पहिला लावला तो रस्त्यावरून दिसणाऱ्या दाराचा, शेजारचं औषधाचं दुकान चौकटीत ठेवून, कारण त्या दुकानाचा हिरवा क्रॉस रात्री लांबून दिसतो. दुसरा फोटो दरफलकाचा. ‘दर कशाला दाखवायचे, पलीकडचा बघेल की,’ असं प्रत्येक खानावळवाला म्हणतो. पलीकडच्याला दर आधीच माहीत असतात. ज्याला माहीत नसतात त्याचे दवाखान्यात भरपूर पैसे चाललेले असतात आणि ताटावर बसल्यावर किती होतील या धास्तीनं तो दारातूनच परत जातो.

रिव्ह्यूंचं प्रकरण सगळ्यात अवघड. या धंद्यातली माझ्यासारखी माणसं पहिल्या दिवशीच काउंटरवर क्यूआर चिकटवतात: ‘आम्हाला पाच स्टार द्या.’ मीही कोड तयार करून नेला होता. काकूंनी तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि म्हणाल्या, ‘माणूस दवाखान्यातनं उठून जेवायला आलाय, त्याला स्टार मागायचे होय गं?’ माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यांच्याकडं जेवणाऱ्यांत असेही असतात ज्यांचा पेशंट त्या दिवशी गेलेला असतो. आम्ही क्यूआर टेबलावर लावला नाही. डिस्चार्ज मिळाल्यावर शेवटचं बिल द्यायला जे येतात, हसतमुखानं येतात, त्यांच्यापैकी कुणी स्वतःहून विचारलं तर भाचा दाखवतो. रिव्ह्यू हळूहळू येतात. अर्धे कन्नडमध्ये, आणि त्यात जेवणापेक्षा जास्त आईच्या गुडघ्याबद्दल, डॉक्टरांबद्दल, मिरजेच्या डासांबद्दल लिहिलेलं असतं. उत्तरं काकू तोंडी सांगतात. ‘आईला म्हणावं जिना चढू नको’ हे मी एका रिव्ह्यूखाली खरोखर लिहिलं आहे.

रिव्ह्यू विकत मिळतात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. शंभराचं पॅकेज, दोनशेचं पॅकेज असे मेसेज रोज येतात. भारतीय मानक ब्युरोनं 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे मानकच काढलं, तेव्हा एका बेकरीवाल्याला मी ते उत्साहानं सांगायला गेले. तो म्हणाला, ‘ताई, पलीकडच्यानं घेतलेत. ब्युरो इथं बेकरीवर येणार आहे का?’ त्याचा मुद्दा बिनतोड होता. मी त्याला पलीकडच्याचे रिव्ह्यू उघडून दाखवले. एकाच आठवड्यात आलेले, लिहिणाऱ्यांनी त्याच आठवड्यात लांबलांबच्या शहरांत दंतवैद्याला आणि टायरच्या दुकानालाही पाच तारे दिलेले. एकात बेकरीतली बिर्याणी उत्तम असल्याचं लिहिलं होतं. बेकरीवाला पोट धरून हसला आणि पॅकेज घ्यायचा विचार त्यानं तिथंच सोडला. मानकानं जे झालं नसतं ते त्या बिर्याणीनं केलं.

एक तारावाल्यांची तऱ्हा निराळी. काकूंना एकच एक-तारा रिव्ह्यू आहे: ‘रविवारी रात्री आलो, बंद होतं.’ रविवारी रात्री खानावळ बंद असते आणि तेव्हा यादीत तसं लिहिलेलं नव्हतं. काकूंना त्या माणसाला फोन करून जेवायला बोलवायचं होतं. नंबर नाही म्हटल्यावर हळहळल्या. यादीत रविवारची संध्याकाळ बंद केली आणि खाली तसं नम्रपणे लिहिलं. तो तारा अजून तसाच आहे.

वेळा आणि पत्ते हे एकदा लिहून सुटणारं काम नव्हे, हे सांगलीकरांना पुरानं शिकवलं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेलं. मारुती रोड, गणपती पेठ, हरभट रोड सगळं पाण्यात. तेव्हा यादीत ‘तात्पुरतं बंद’ असं लिहायची सोयच नव्हती. ती करोनाच्या काळात, 2020 मध्ये आली. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं तेव्हा मी घरी बसून एकेका गिऱ्हाइकाचं दुकान ‘तात्पुरतं बंद’ करत होते आणि फोनवर ते लोक माल वर चढवत होते. एकजण ओरडला, ‘इथं पोती भिजायला लागलीत आणि तुला गुगलचं पडलंय!’ चिखल काढून झाल्यावर त्यानंच फोन केला, ‘आता उघडं कर.’

पुरानंतर काही दुकानं विश्रामबागेकडं, उंचावर गेली. नवीन जागी नवीन यादी करायची, जुनी तशीच सोडायची, ही चूक जवळजवळ प्रत्येकानं केली, आणि कुणी न सांगता केली. आता जुन्या पेठेत नकाशावर न उघडणारी दुकानं आहेत, त्यांना रिव्ह्यू आहेत, फोटो आहेत, आणि लोक अजून तिथं जाऊन शटर बघून येतात. जुनी यादीच नव्या पत्त्यावर हलवायची असते. रिव्ह्यू सोबत येतात. दोन झालेल्या असतील तर एक दुसरीत मिळवून घ्यावी लागते, त्याला चिकाटी लागते. विश्रामबागेचं इंग्रजी स्पेलिंग बोर्डागणिक वेगळं, तो वेगळाच त्रास. इस्लामपूरचं ईश्वरपूर झाल्यापासून तिकडच्या गिऱ्हाइकांची वर्णनं मी दोन्ही नावांनी लिहिते, कारण सरकारी कागद नवं नाव लावतात आणि बाहेरगावचा माणूस अजून जुनंच टाइप करतो.

यादी कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न मी हल्ली सगळ्यात आधी विचारते. एका साडीच्या दुकानाची यादी कुणा एजन्सीच्या मुलानं स्वतःच्या मेलवरून केलेली होती. तो मुलगा काम सोडून पुण्याला गेला, मेलचा पासवर्ड कुणाला माहीत नाही, आणि दुकानाची वेळ बदलायची तर दुकानदार उपरा. ताबा मागता येतो; आधीच्या माणसाला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात, तो गप्प राहिला तर पुढची तपासणी होऊन मालकी मिळू शकते. पण हा त्रास घ्यावाच का? मी प्रत्येकाचा मेल त्याच्याच मोबाइलवर उघडायला लावते, मालक तो, मी नुसती मॅनेजर. उद्या त्याला मी नको झाले तर त्यानं मला एका बटणानं काढावं. माझ्या धंद्याच्या दृष्टीनं हे शहाणपणाचं नाही, असं मला माझ्याच भावानं सुनावलं आहे.

भडंगवाल्याची कथा यापुढची. गुगल एके काळी यादीसोबत फुकट वेबसाइट द्यायचं. या गृहस्थांनी ती केली आणि हौसेनं पिशव्यांवर तिचा पत्ता छापून घेतला, घाऊक, स्वस्त पडतात म्हणून. मार्च 2024 मध्ये गुगलनं या सगळ्या वेबसाइट बंद केल्या. पिशव्या अजून संपलेल्या नाहीत. भडंग घेणारे पत्ता वाचत नाहीत हे त्यांचं नशीब.

गुगल म्हणजे सगळं नव्हे, हे मी दुकानदारांना सांगते. ॲपलचा नकाशा आहे, बिंग आहे, मॅपल्स आहे, जस्टडायल आणि इंडियामार्ट तर 1996 पासून आहेत. त्याही आधी जाड पिवळी डिरेक्टरी होती. मुंबईत टाटा प्रेसनं यलो पेजेस काढली तेव्हा महानगर टेलिफोन निगम कोर्टात गेलं, आमच्याशिवाय अशी यादी कुणी छापू नये म्हणून. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं टाटा प्रेसच्या बाजूनं निकाल दिला आणि जाहिरात हेही घटनेतल्या भाषणस्वातंत्र्याचं अंग आहे असं म्हटलं. दुकानाचा नंबर पिवळ्या कागदावर यावा की नाही यावरून एवढा मोठा निकाल लागावा, याची मला अजून मौज वाटते.

आजच्या डिरेक्टऱ्यांत नाव, पत्ता, फोन सगळीकडं एकसारखा असला पाहिजे, एवढं मी करून देते. पैसे भरून वरची जागा घ्यायची की नाही, ते दुकानदारानं ठरवावं. हळदीच्या एका व्यापाऱ्यानं अशा एका ठिकाणी वर्षाचे पैसे भरले होते. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं, त्यांचा माल पोत्यांनी जाणारा. चौकशा खूप आल्या. बऱ्याच पाव किलो, अर्धा किलोवाल्या. आणि मोठी चौकशी आली तर तीच इतर व्यापाऱ्यांकडंही गेलेली, त्यामुळं फोन लागेपर्यंत तिकडं भाव पडलेला. ते म्हणाले, ‘ही चौकशी म्हणजे सौद्यातच उभं राहणं झालं. मग मार्केट यार्डात काय वाईट होतं? तिथं चहा तरी मिळतो.’ नुकसान झालं असं मी म्हणणार नाही. त्यातून एक मसालेवाला कायमचा जोडला गेला. पण डिरेक्टरीत कुठल्या सदरात नाव घालायचं हे नीट ठरवलं असतं, किरकोळऐवजी घाऊक, तर निम्मे फोन वाचले असते.

आणि ते फोन, ‘गुगलमधून बोलतोय, तुमचं लिस्टिंग आज रात्री बंद होणार, इतके भरा.’ यादीसाठी गुगल पैसे घेत नाही. हे वाक्य मी गिऱ्हाइकांच्या काउंटरमागं छापून चिकटवते, फोन नंबरांच्या यादीशेजारी.

हे सगळं असताना मिरजेत सतारमेकर गल्लीच्या बाजूला एक तंबोरे करणारे चाचा माझं गिऱ्हाईक झाले, आणि माझं गणित फिरलं. 2024 मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, बातम्या आल्या, मुलगा म्हणाला आता यादी करूच. जुळणीची सगळी हत्यारं मी वापरली. मुख्य वर्ग वाद्यनिर्मितीचा, जोडीला वाद्यांच्या दुकानाचा आणि दुरुस्तीचा. पंढरपूरकडून आलेले भोपळे माळ्यावर टांगलेले, त्यांचा फोटो. जवारी काढताना, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर जुळवताना, चाचांच्या बोटांचा फोटो. यादी झकास झाली. फोन सुरू झाले.

सगळे फोन वाईट नव्हते. पण ‘फायनल रेट काय’, ‘इलेक्ट्रॉनिक तानपुरा आहे का’, ‘दोन दिवसांत कुरियर होईल का’, ‘गिटार शिकवता का’. चाचा जवारी काढत असतात तेव्हा घोडीवर कानस एकेक केसाएवढी चालते, मध्ये कान लावून ऐकावं लागतं. तिथं फोन वाजला की ऐकलेलं जातं आणि पहिल्यापासून बसावं लागतं. त्यांच्याकडं कामाला दोनच माणसं. एका तंबोऱ्याला कित्येक आठवडे जातात, त्यामुळं दिवसाला वीस चौकशा आल्या काय आणि शंभर आल्या काय, तंबोरे तेवढेच होणार. एक दिवस त्यांनी मला बोलावून चहा पाजला आणि शांतपणे म्हणाले, ‘बेटी, जरा कमी दिसेल असं कर.’

कमी दिसायचं काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं. वाद्यांचं दुकान हा वर्ग काढून टाकला, कारण दुकान शोधणाऱ्याला तयार माल हवा असतो. वर्णनाचं पहिलंच वाक्य बदललं: इथं तयार वाद्यं मिळत नाहीत, मागणीप्रमाणं घडवली जातात, काही महिने लागतात. कुठली कामं होत नाहीत ते लिहिलं. त्याउलट दुरुस्तीचं ठळक केलं: फुटलेला भोपळा, वाकलेली दांडी, जवारी, तारा बदलणं. मुलाला वाईट वाटलं, एवढं वर आलेलं खाली कशाला आणायचं म्हणून. फोन कमी झाले. जे येतात ते बहुतेक कुणाच्या तरी गुरूंचा जुना तंबोरा घेऊन येतात, आणि तास-तास बसतात.

फोन दुपारी चार ते सहा एवढाच घ्यायचा असं चाचांचं ठरलं आहे. कामाच्या वेळा एक आणि फोनच्या वेळा वेगळ्या असं यादीत मला धड दाखवता आलं नाही, म्हणून वर्णनात तसं लिहिलं. ते कुणी वाचत नाही. चाचांनी आपला उपाय काढला: सकाळी कानस हातात घेतली की मोबाइल बंद करून ते तो एका रिकाम्या भोपळ्यात टाकून ठेवतात, आणि चार वाजता मुलाला तो कुठल्या भोपळ्यात आहे ते शोधावं लागतं.